खड्ड्यातला रोलर कोस्टर आणि सोलापूरची चिमणी

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात आल्टन टॉवर्स नावाचं मोठं थीम पार्क आहे. १९९४ साली तिथं ‘नेमेसिस’ हा रोलर कोस्टर सुरू झाला. रोलर कोस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आभाळात चढत गेलेले रूळ येतात. या पार्कवाल्यांनी मात्र खडक फोडून मोठा खड्डा केला आणि रूळ त्यात वळवले. झाडांच्या शेंड्यांच्या वर काहीही दिसता कामा नये, अशी तिथल्या बांधकामावर मर्यादा होती. शेजारी जुना वाडा, बागा आणि आल्टन हे छोटं गाव आहे. गावाच्या क्षितिजावर लोखंडाचा सांगाडा नको, हे पार्कवाल्यांना आधीपासून माहीत होतं. मग आराखडा करणाऱ्यांनी विचार केला की वर जाता येत नसेल तर खाली जाऊ. आज त्या पाळण्यात बसलेले लोक खड्ड्याचंच कौतुक करतात. खडकाच्या भिंती अंगाला चाटून गेल्यासारख्या वाटतात आणि असतो त्याहून वेग जास्त भासतो. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच पार्कने ‘ऑब्लिव्हियन’ काढला. त्याची गाडी कड्यावरून सरळ जमिनीतल्या भोकात कोसळते. जर्मनीत ब्रूल इथल्या फँटाझियालँडलाही वस्तीच्या शेजारामुळे उंचीचं बंधन आहे आणि त्यांनीही आपले गाजलेले कोस्टर जमीन खणूनच बसवले.

ही सगळी हकिकत सोलापुरात बसून लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडचं एक ठरलेलं वाक्य. ‘विरोध करणाऱ्यांमुळे सोलापूर मागं राहिलं.’ चहाच्या टपरीपासून उद्योजकांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ते ऐकू येतं. माझं म्हणणं उलटं आहे. विरोध वेळेवर झाला, योग्य माणसासमोर झाला आणि त्याला लेखी उत्तर द्यावं लागलं, तर प्रकल्प अडण्याऐवजी सुधारतो. आपल्याकडं विरोध पुष्कळ आहे. तो ऐकून घ्यायची वेळ आणि जागा मात्र नाही. म्हणून तो उशिरा, रस्त्यावर किंवा कोर्टात होतो, आणि तोवर सिमेंट वाळलेलं असतं.

इंग्लंडमधली पद्धत थोडक्यात सांगतो. पार्कने अर्ज केला की स्थानिक परिषद आसपासच्या लोकांना कळवते, जागेवर नोटीस लावते आणि निदान एकवीस दिवस म्हणणं मांडायला देते. नकाशे, उंचीची चित्रं, आवाजाचा अहवाल, वाहतुकीचा अंदाज सगळं परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. गंमत म्हणजे रोलर कोस्टरचे शौकीनही हे कागद चवीनं वाचतात. पार्क अजून जाहिरातीत काही बोललेलं नसतं आणि यांना रुळांची वळणं पाठ झालेली असतात. मग परिषदेचा अधिकारी अहवाल लिहितो. मोठं प्रकरण असेल तर निवडून आलेले सदस्य उघड बैठकीत मत देतात आणि नकार दिला तर कारणं लिहावी लागतात.

या पद्धतीतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे कोणती हरकत विचारात घ्यायची आणि कोणती नाही याची चाळणी. माझ्या खिडकीतून दिसणारं दृश्य बिघडेल, घराची किंमत उतरेल, या तक्रारी ग्राह्य धरत नाहीत. आवाज, वाहतूक, झाडं, पुराचं पाणी, जुन्या वास्तूंचा परिसर हे मुद्दे धरतात. लंडनजवळच्या थॉर्प पार्कमध्ये मे २०२४ मध्ये ‘हायपेरिया’ सुरू झाला. ७२ मीटर उंच, ब्रिटनमधला सर्वांत उंच. ते पार्क वाळू-खडीच्या जुन्या खाणींत साचलेल्या तळ्यांमध्ये वसलं आहे. जागा पूरक्षेत्रात आणि शहराभोवतीच्या राखीव हरित पट्ट्यात. साहजिकच तिथली चर्चा एवढा सांगाडा किती लांबून दिसेल, पायामुळे पुराचं पाणी कुठं सरकेल, पक्ष्यांचं काय होईल, यांवर झाली. ‘आम्हाला हे आवडत नाही’ या वाक्याला तिथं वजन नव्हतं. कॅलिफोर्नियात सांता क्लारा इथं २०१३ मध्ये ‘गोल्ड स्ट्रायकर’ हा लाकडी कोस्टर आला तेव्हा शेजारच्या कचेरीच्या इमारतीच्या मालकांनी आवाजावरून भांडण काढलं. त्याच्या पहिल्या उतारावर आवाज कोंडणारा बंदिस्त बोगदा आहे. बसणाऱ्यांना तो बोगदा फार आवडतो, ही आणखी एक गंमत.

आता आपल्या गावाकडं येऊ. उंच बांधकामाचा वाद म्हणजे काय हे सोलापूरकरांना इंग्लंडकडून शिकायला नको. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उंचीला नव्वद मीटरच्या आसपास होती, म्हणजे हायपेरियापेक्षाही उंच. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या उड्डाणांना ती आड येते म्हणून कित्येक वर्षं वाद चालला. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, परवान्यावरून कज्जे झाले, प्रकरण वरच्या कोर्टांपर्यंत गेलं. अखेर १५ जून २०२३ ला महापालिकेनं बंदोबस्तात ती स्फोटकं लावून पाडली. काही सेकंदांचा खेळ. विमानसेवा त्यानंतर दोन वर्षांनी सुरू झाली, जून २०२५ मध्ये गोव्याला आणि ऑक्टोबरात मुंबईला.

चिमणी पडली ते बरं झालं की वाईट, यावर सोलापुरात आजही दोन घरांत तीन मतं निघतील. ऊस घालणाऱ्या सभासदाचा संताप मला कळतो. मुंबईला जायचं तर रात्र रेल्वेत काढावी लागणाऱ्या व्यापाऱ्याची अधीरताही कळते. पण दोघांनीही विचारायला हवा असा प्रश्न तिसराच आहे. विमानतळ आणि कारखाना या दोन्ही गोष्टी कित्येक वर्षं जागच्या जागी होत्या. मग ‘इथं एवढी उंची चालेल का’ हा प्रश्न पाया खणण्याआधी, नकाशा समोर ठेवून, सगळ्यांदेखत का विचारला गेला नाही? विचारला असता तर फार तर काही महिने गेले असते. नंतर विचारल्यामुळे वर्षं गेली, पैसा गेला आणि गावात कायमची कटुता राहिली. विमानतळाभोवतीच्या उंचीबद्दल केंद्राचे २०१५ चे नियम आहेत. उद्या होटगी रस्त्याच्या बाजूला कुणी पन्नास मीटरचा पाळणा काढतो म्हटला, तर निदान या एका बाबतीत आपण शहाणे झालो असू, अशी आशा आहे.

उद्या समजा खरंच कुणी काढला तर? मुलांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिकाला किंवा हैदराबादला जाणारी कुटुंबं सोलापुरात भरपूर आहेत. इथून जाणारे महामार्ग, पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोटला येणारे भाविक, माळरानाची तुलनेनं स्वस्त जमीन, हे हिशेब कुणीही गुंतवणूकदार मांडेल. मला तर असा पार्क हवाच आहे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून मला विकासविरोधकांच्या रांगेत बसवतील. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आकाशपाळण्यांसमोर जी गर्दी होते ती पाहिलेल्या कुणालाही या गावाला वेगाची आणि उंचीची हौस नाही असं म्हणता येणार नाही.

असा पार्क शहराच्या हद्दीबाहेर येईल, बहुधा एखाद्या गावच्या शिवारात. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातही मनोरंजन पार्कला अटींवर मुभा आहे. म्हणजे जमिनीचा विभाग बदलायची गरज नाही आणि त्या बदलासाठी लागणाऱ्या जाहीर हरकतीही नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा आपला मूळ कायदा. विकास आराखडा जाहीर झाला की त्यात हरकती-सूचनांसाठी मुदत आहे, नियोजन समितीपुढं सुनावणी आहे. पण ती सगळी आराखड्यावर. एखाद्या विशिष्ट बांधकामाला परवानगी देताना शेजाऱ्याला विचारण्याची तरतूद नाही. परवानगी नाकारली तर अर्जदाराला अपील आहे. परवानगी दिली म्हणून ज्याचं नुकसान होणार, त्याला ते नाही. (इंग्लंडमध्येही शेजाऱ्याला अपील नाही, आयर्लंडमध्ये आहे. पण इंग्लंडात निदान आधी बोलू देतात.) पर्यावरणाची बाजू पाहावी तर २००६ च्या अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते खरी, पण बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. एकूण काय, एखाद्या गावाला आपल्या शिवारात रोलर कोस्टर येतोय हे पत्र्याचं कुंपण लागल्यावरच कळेल, अशी पूर्ण सोय कायद्यात आहे.

आराखड्यावरच्या हरकतींचंही एक आहे. आराखडा जाहीर झाला की आपण पहिल्यांदा काय बघतो? माझ्या गटावर आरक्षण पडलंय का. नसेल तर नकाशाची घडी घालून घरी. शेजारच्या मैदानाचं काय झालं, नाल्यावर रस्ता कुठून आला, हे कुणी बघत नाही. हरकतींचे गठ्ठे येतात ते बहुतेक स्वतःच्या प्लॉटपुरते. त्यामुळं सार्वजनिक प्रश्नावर सार्वजनिक बोलण्याची सवय राहिलेली नाही आणि हा दोष एकट्या सरकारचा नाही.

सरकारनं न विचारता रेघ ओढली की काय होतं, याचा नमुना सोलापूरजवळच्या नान्नजला आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. त्याची हद्द होती ८,४९६ चौरस किलोमीटर. गावंच्या गावं, बाजारपेठा, बागायती शेतं सगळी त्या रेघेच्या आत. माळढोकाला लागतं ते गवताळ माळरान, पण निर्बंधांचा धाक सगळ्यांनाच. पुढं कित्येक वर्षांच्या तक्रारींनंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर एका सुंदर, दुर्मिळ पक्ष्याचं नाव शेतकऱ्याच्या तोंडी शिवीसारखं झालं होतं. आधी गावोगाव बसून माळ कुठं आहे, मळा कुठं आहे हे विचारलं असतं तर रेघ लहान आली असती आणि पक्ष्याला चार मित्र मिळाले असते, असं मला वाटतं.

परत पाळण्याकडं. इंग्लंडमधल्या वादांचा मुख्य विषय आवाज आणि दृश्य. आल्टन टॉवर्सच्या शेजाऱ्यांनी दोन हजारच्या दशकात पार्कच्या आवाजाविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि कोर्टानं तो आवाज कायद्यानं उपद्रव ठरतो हे मान्य केलं. आपल्याकडं २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती कागदावर छान दिसते. पण सोलापूरला आवाजाचं वावडं कधीच नव्हतं. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावणारं हे गाव. पूर्व भागात घराघरांत माग चालायचे. त्या खडखडाटात पोरं अभ्यास करून मोठी झाली. तो आवाज थांबला की लोकांना धास्ती वाटायची, कारण त्यातून भाकरी येत होती. म्हणून पाळण्यावरच्या किंकाळ्या शिवारातल्या लोकांना किती खुपतील हे डेसिबलपेक्षा एका वेगळ्या गोष्टीवर ठरेल. तिथं गावातल्या पोरांना काम मिळालं की फक्त गेटवरची राखणदारी?

सोलापुरात खरा वाद पेटेल तो पाण्यावर. उजनी भरून वाहतंय अशा बातम्या वाचत काही दिवसांआड नळाची वाट पाहणारं शहर आहे हे. त्या शहराच्या वेशीवर लाटांचा तलाव आणि घसरगुंड्या घेऊन पार्क येणार असेल, कारण आपल्या उन्हात नुसत्या रोलर कोस्टरवर धंदा चालणार नाही, पाण्याचे खेळ जोडावेच लागतील, तर पहिला प्रश्न उंचीचा नाही. पाणी कुठून? बोअरचं असेल तर किती खोल, किती बोअर आणि आसपासच्या विहिरींचं मार्च-एप्रिलमध्ये काय? टँकरचं असेल तर टँकर कुठं भरतो? शुद्ध करून पुन्हा वापरणार असाल तर रोज किती वाया जाणार? थॉर्प पार्कच्या वेळी पुराच्या पाण्याचा हिशेब झाला, आपण टंचाईच्या पाण्याचा मागायला हवा. आणि तो परवानगीच्या कागदावर अट म्हणून लिहायला हवा. उद्घाटनाच्या भाषणातलं आश्वासन म्हणून तो नको.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. हरकतीची दारं उघडली की कोण आत येईल हे आपल्याला माहीत आहे. अर्ज टाकायचा, काम अडवायचं आणि पाकीट मिळालं की अर्ज मागं घ्यायचा, हा धंदा करणारी मंडळी प्रत्येक गावात आहेत. माहितीच्या अधिकाराचं त्यांनी काय केलं ते आपण पाहिलं. पण नीट पाहिलं तर त्यांचा धंदा अंधारावर चालतो. कागद कुणालाच दिसत नाहीत म्हणून ज्याच्या हातात कागद आहे त्याची किंमत वाढते. सगळे नकाशे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि संकेतस्थळावर असतील, हरकत उघड नोंदवली जाईल, मुदत संपल्यावर नवी हरकत घेता येणार नाही आणि मागं घेतलेल्या हरकतीतल्या मुद्द्यालाही अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागेल, असा नियम असेल तर पाकीट कशासाठी द्यायचं? मुदत हा विरोधकांवरचाही लगाम आहे, हे आपले उद्योजक लक्षातच घेत नाहीत. इंग्लंडमध्ये एकवीस दिवसांत बोलला नाहीत तर संधी जवळजवळ गेली. आपल्याकडं दहा वर्षांनीही माणूस उभा राहतो आणि त्याचं म्हणणं खरंही असू शकतं, कारण त्याला आधी कुणी विचारलेलंच नसतं.

इंग्लंडची पद्धत सोन्याची आहे असंही नाही. ती महागडी आहे, रेंगाळते आणि वेळ व शिक्षण असलेल्या सुखवस्तू लोकांचा आवाज तिथं मोठा ऐकू येतो. ज्यांना पार्कमध्ये नोकरी मिळाली असती ते पत्र लिहायला बसत नाहीत. या कटकटीला कंटाळून असेल, बेडफर्डजवळ जुन्या वीटभट्ट्यांच्या जागेवर येणाऱ्या युनिव्हर्सलच्या अवाढव्य पार्कसाठी सरकारनं स्थानिक परिषदेचा नेहमीचा रस्ता सोडून खास विकास आदेशाचा मार्ग धरला. एप्रिल २०२५ मध्ये घोषणा झाली, २०३१ मध्ये पार्क उघडायचं आहे. तिथंही लोकांची मतं मागवली, पण निर्णय गावाच्या हातून राजधानीत गेला. मोठा गुंतवणूकदार आला की सरकारं सगळीकडं सारखीच वागतात. आपल्याला हा मोह जास्तच, कारण आपल्याकडं मंत्र्यांनी फोन केला की ‘एक खिडकी’ उघडते. त्या खिडकीतून गाव दिसत नाही, इतकंच.

सुरक्षेचा प्रश्न लोक नेहमी यातच मिसळतात, तो वेगळा ठेवायला हवा. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळचा पाळणा तुटून दोघांचा जीव गेला. मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला आग लागून सत्तावीस जण गेले. आल्टन टॉवर्समध्येही जून २०१५ मध्ये ‘स्मायलर’ या रोलर कोस्टरच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या, सोळा जण जखमी झाले, दोन तरुणींना पाय गमवावे लागले आणि कंपनीला पन्नास लाख पौंड दंड झाला. म्हणजे हरकती ऐकल्यानं नटबोल्ट घट्ट होत नाहीत. त्यासाठी रोजची तपासणी आणि परवाना रद्द करायची हिंमत असलेला अधिकारी लागतो. पण राजकोटची जागा डोळ्यांसमोर आणा. पत्र्याची शेड, आत इंधन, अग्निशमन खात्याचा दाखला नाही, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू. परवानगीचे कागद जागेवर लावण्याची सक्ती असती तर कागद नाहीत हे शेजारच्या दुकानदारालाही दिसलं असतं.

कायदा बदलायला मुंबईत जावं लागेल, त्याला वेळ लागेल. जिल्हा प्रशासनाला आज करता येण्यासारखं मात्र बरंच आहे. मोठ्या गर्दीच्या कोणत्याही प्रकल्पाचा अर्ज आला की नकाशा आणि पाण्याचा हिशेब सोप्या मराठीत गावाच्या चावडीवर लावायला कोणताही कायदा आड येत नाही. पूर्व भागासाठी तेलुगूत, दक्षिण सोलापूर-अक्कलकोटच्या गावांत कन्नडमध्ये लावला तर आणखी चांगलं. अंदाजे उंची कळावी म्हणून जागेवर त्या उंचीचा फुगा सोडून दाखवता येतो, त्याला खर्च काहीच नाही. सुनावणी जिल्हाधिकारी कार्यालयात सकाळी अकराला ठेवली की येतात ते वकील आणि पुढारी. तीच गावात, बाजाराचा दिवस सोडून, मजूर परतल्यावर संध्याकाळी सातला ठेवली तर ज्यांच्या विहिरीशेजारी बोअर पडणार आहे त्या बायाबापड्या येतील. त्या काय विचारतील याचा अंदाज मला आहे. पार्कच्या नळाला रोज पाणी येणार असेल, तर त्याच पाइपातून वाटेतल्या वस्तीला एक नळ देणार का, हे लिहून द्या म्हणतील.